सुटका झाली, मग ताबा कुणाकडे? सांताक्रूझ छाप्याचं प्रकरण

मे २००२ मध्ये मुंबई पोलिसांनी सांताक्रूझ भागातल्या एका कुंटणखान्यावर छापा घातला. तिथून २४ मुली-बायकांना बाहेर काढलं, अड्डा चालवणाऱ्यांना अटक केली आणि पिटा कायद्याखाली, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. छाप्याच्या बातम्या साधारण इथेच संपतात. पोलिसांचं प्रशिक्षणही बराच काळ इथेच संपायचं: खबर पक्की कशी करायची, बोगस गिऱ्हाईक कसं पाठवायचं, नोटांचे नंबर कधी टिपायचे, पंच कुठून आणायचे.

प्रकरण सुरू होतं ते याच्यानंतर. मुलींना दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं गेलं आणि वयाची तपासणी झाली. काही जणी अल्पवयीन असल्याचं दिसलं. मग मुलींना सोडावं म्हणून कोर्टात अर्ज आला, आणि तो घेऊन उभे राहिलेले वकील तेच होते जे आरोपींची बाजू मांडत होते. अल्पवयीन मुलींचं पुढे काय करायचं हा खरं तर बालकल्याण समितीचा प्रश्न. तो दंडाधिकाऱ्यांच्याच कोर्टात निकालात निघाला आणि सोडण्याचे आदेश झाले.

कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी ‘प्रेरणा’ ही संस्था या आदेशांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. फौजदारी रिट याचिका क्रमांक ७८८/२००२. ऑक्टोबर २००२ मध्ये निकाल लागला, आणि आजही बालकल्याण समितीच्या नव्या सदस्याला कुणी एकच निकाल वाचायला सांगितला तर तो बहुधा हाच असतो.

पोलीस, परिविक्षा अधिकारी (मुलीच्या घरची, परिस्थितीची चौकशी करून अहवाल देणारे), डॉक्टर, बालगृहातल्या काळजीवाहक, सरकारी वकील यांच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण वापरते. एक कारण असं की यात कुणी एक खलनायक सापडत नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचा कागद पुढे ढकलला आणि मुली फिरून त्याच माणसांच्या हाताशी आल्या, ज्यांच्याकडून त्यांना सोडवलं होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मुलगी ‘पीडित’ आहे हे ओळखण्याची जागा कुंटणखान्याचा जिना नसते. ती जागा नंतर येते, जेव्हा मुलगी तोंड उघडते आणि नेमकं ते सांगते जे ऐकून आपल्याला फाइल बंद करावीशी वाटते.

सहा वाक्यांचा जबाब

पहिल्या सत्रात मी एक नमुना जबाब फळ्यावर लिहिते. तो कुणा एकीचा नाही. असे जबाब इतके सारखे असतात की नमुना तयार करायला कल्पनाशक्ती लागत नाही.

‘माझं वय १९ आहे. आईवडील वारले. कामाच्या शोधात मी स्वतःहून मुंबईला आले. एका मैत्रिणीने इथे आणलं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. माझी कुणाबद्दल तक्रार नाही.’

मग विचारते, यावरून काय कळतं? वर्गातलं पहिलं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: ‘मॅडम, मुलगी राजीखुशीने आहे, आपण काय करणार?’ दुसरं उत्तर असतं, ‘खोटं बोलतेय.’ दोन्ही उत्तरांनी काम थांबतं. पहिल्या उत्तराने मुलगी सुटते ती थेट दलालाकडे, आणि दुसऱ्याने तिच्यावर आवाज चढतो.

आता तीच सहा वाक्यं कायद्याशेजारी ठेवून बघा. वय १९ म्हटलं की बालकल्याण समितीचा संबंध उरत नाही. आईवडील वारले म्हटलं की गावी चौकशीला कुणी जात नाही. ‘स्वतःहून’ या शब्दाने आणणारा सुटतो. मैत्रिणीला नाव नाही, म्हणून मधली कडी तुटते. जबरदस्ती नाही म्हटल्यावर कलमं हलकी होतात आणि तक्रार नाही म्हटल्यावर खटल्याला साक्षीदारच राहत नाही. घाबरलेली, धड झोप न झालेली पोरगी योगायोगाने एवढं सगळं नेमकं बोलत नसते. जबाब इतका घोटीव असेल तर ती घोटीवताच आपली पहिली खूण. प्रशिक्षणातून एवढी एक गोष्ट कुणाच्या मनात राहिली तरी माझं काम झालं असं मी मानते.

ती असं का बोलते, याची कारणं वर्गातूनच काढून घ्यावी लागतात, कारण अनुभवी हवालदारांना ती माहीत असतात. कुणी त्यांना विचारलेलं नसतं इतकंच. तिच्यावर ‘उचल’ असते. तिला आणताना दिलेले पैसे, वर कपड्यांचा, औषधांचा, खोलीचा खर्च चढवलेला; हिशेब घरवालीच्या, म्हणजे अड्डा चालवणाऱ्या बाईच्या, वहीत आणि वही मुलीने कधी पाहिलेली नाही. गावी घरचं कुणी त्या पैशांवर जगत असतं, आणि गावात हे कळलं तर धाकट्या बहिणीचं लग्न मोडेल ही भीती असते. ज्या बाईने तिला कोंडलं त्याच बाईने ताप आल्यावर डोक्यावर पट्ट्या ठेवलेल्या असतात. आणि तिला बजावलेलं असतं की पोलीस पकडतील, ‘सुधार’मध्ये टाकतील, तिथून वर्षानुवर्षं बाहेर येता येणार नाही. तिने खाकी वर्दी याआधी पाहिली असेल तर ती हप्ता घ्यायला आलेली, नाहीतर गिऱ्हाईक म्हणून. त्या वर्दीला तिने खरं का सांगावं?

म्हणून पहिल्या रात्री जबाब पुरा करण्याची घाई नको, असं मी सांगते. यावर तपास अधिकाऱ्यांचा आक्षेप असतो आणि तो रास्त आहे: वेळेचं काय, रिमांडचं काय? उत्तर असं की गुन्ह्याची फिर्याद पोलीस स्वतः देऊ शकतात, आरोपींचा रिमांड पंचनाम्यावर आणि जप्त मालावर मिळू शकतो, मुलीचा जबाब नंतर, सावकाश आणि एकाहून जास्त बैठकींत घेता येतो. पहिल्या रात्री तिच्याकडून जे हवंय ते फार थोडं असतं: दुखतंय का, खाल्लंस का, कुणाला फोन करायचाय का, आणखी कुणी मुलगी माळ्यावर किंवा न्हाणीघराच्या वरच्या चोरजागेत राहिली आहे का. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घालते. स्वतःबद्दल एक अक्षर न बोलणाऱ्या मुली दुसरीबद्दल बोलतात, असं बऱ्याचदा होतं.

एक साधी चूक मात्र अजूनही दिसते. छाप्यानंतर सगळ्यांना एकाच गाडीत भरतात. घरवाली त्याच गाडीत, अनेकदा ‘मीपण त्यांच्यातलीच’ म्हणून मुलींच्या मध्ये बसलेली. पोलीस ठाणं येईपर्यंत वीस मिनिटं मिळतात, आणि सहा वाक्यं पाठ करून घ्यायला तेवढी पुष्कळ होतात. दोन गाड्या नसतील तर दोन खेपा करा.

वय विचारू नका, वय काढा

‘वय किती?’ या प्रश्नाला उत्तर पाठ असतं. वर्गात आम्ही हे करून बघतो. एक महिला शिपाई मुलगी होते, एक उपनिरीक्षक विचारतो.

‘वय?’
‘उन्नीस.’
‘जन्मतारीख?’
‘मालूम नहीं.’
‘शाळेत गेली होतीस?’
‘नहीं.’

इथे उपनिरीक्षक आमच्याकडे बघतो. मग त्याची जागा एक परिविक्षा अधिकारी घेतात. त्या घरापासून सुरुवात करतात. घरात कोण कोण? धाकटा भाऊ आहे, बरं. तो शाळेत जातो का, कितवीत? तो पाळण्यात होता तेव्हा त्याला कोण सांभाळायचं? ‘मैंही सम्हालती थी.’ शाळेतून आल्यावर? ‘हां, स्कूलसे आके.’ जी मुलगी एक मिनिटापूर्वी शाळेत गेली नव्हती, तिच्याकडून शाळा आली, आणि शाळा आली की दाखल्याचा रस्ता सापडतो. मुंबईत आल्यावर पहिला सण कोणता पाहिलास? पाळी गावी असताना आली की इथे? हा प्रश्न शेवटी, तोही बाईनेच विचारायचा आणि ओशाळवाणं न करता. या सगळ्याच्या नोंदी एका कागदावर तारीखवार मांडल्या की १९ चं वय बहुतेक वेळा तिथल्या तिथे डळमळतं.

सांताक्रूझ प्रकरणाच्या काळात वयाचा सगळा भार हाडांच्या तपासणीवर, म्हणजे मनगट, कोपर, खुबा यांच्या क्ष-किरण चित्रांवर असे. ही तपासणी आकडा देत नाही, टप्पा देते. दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, जम्मू-काश्मीरच्या जयामाला प्रकरणात नोंदवलं होतं. तरीही ‘१७ ते १९’ असा अहवाल आला की सोयीचा आकडा उचलला जायचा, आणि सोय कुणाची हे सांगायला नको. आता २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने क्रम लावून दिला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. प्रत्यक्षात मुलीला थेट रुग्णालयात नेण्याची सवय सुटलेली नाही, कारण तो कागद संध्याकाळपर्यंत हातात पडतो आणि शाळेचा दाखला मागवायला मुर्शिदाबाद किंवा रायचूरच्या मुख्याध्यापकांना फोन लावावा लागतो. आधार कार्डावरचं वय हा आणखी एक सापळा. नवं कार्ड काढून देणं हे दलालाच्या खर्चात धरलेलंच असतं. कार्ड किती दिवसांपूर्वी काढलंय आणि पत्ता कुठला दिलाय, ते आधी बघावं.

उच्च न्यायालयाने २००२ मध्ये यावर स्पष्ट सांगितलं. पिटाखाली सोडवलेली व्यक्ती दंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्यांदा येईल त्याच वेळी वयाची शहानिशा करायची. १८ खालची निघाली तर दंडाधिकाऱ्यांचा अधिकार तिथेच संपला. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल म्हणून तिला बालकल्याण समितीकडे पाठवायचं. तेव्हाचा बाल न्याय कायदा २००० सालचा, म्हणजे ताजा होता. धंद्याला लावलेल्या मुलीला ‘गुन्हा करणारं मूल’ समजायचं की ‘संरक्षण हवं असलेलं मूल’, यातला फरक कागदावर आला होता, हाताला वळण पडायचं होतं.

वकील कुणाचा?

वकिलांच्या सत्रात या प्रकरणावर सगळ्यात जास्त वाद होतो. निकालाने दोन दारं बंद केली. कुंटणखाना चालवणाऱ्याचा किंवा दलालाचा वकील त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलींच्या वतीने उभा राहू शकत नाही. आणि अशी अल्पवयीन मुलगी बालकल्याण समितीपुढे आली की तिच्या वतीने वकील येऊ शकत नाही. म्हणणं मांडायचं असेल तर आईवडील किंवा पालकांनी मांडावं, स्वतः किंवा त्यांनी नेमलेल्या वकिलामार्फत.

पहिल्या मुद्द्यावर कुणाचं दुमत नसतं. दुसऱ्यावर असतं आणि असावं. मुलीला स्वतःचा आवाज नको का, हा प्रश्न तरुण वकील विचारतात. माझं मत असं की २००२ च्या मुंबईत ते दार बंद करणं गरजेचं होतं, कारण मुलीच्या नावाने येणारा वकील कुणाच्या पैशाने येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, नियमांत समितीने नेमायची सहायक व्यक्ती आहे. मुलीची बाजू मांडण्यासाठी या वाटा आहेत. त्या वापरल्या जात नाहीत ही वेगळी तक्रार.

निकालातला पालकांविषयीचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. परिविक्षा अधिकाऱ्याची चौकशी पुरी झाल्याशिवाय मुलीला सोडायचं नाही. आईवडिलांकडे द्यायची तर ते ताबा घ्यायला योग्य आहेत असं समितीने ठरवल्यावरच. योग्य नसतील तर पुनर्वसनाची पुढची प्रक्रिया. पिटाच्या कलम १७-अ मध्येही पालकांची पारख करण्याची तरतूद आहे. कारण उघड आहे: मुलीला विकणाऱ्यांत कधी मावशी असते, कधी गावचा ओळखीचा, कधी लग्न करून आणणारा ‘नवरा’, आणि कधी आईबापही. ताबा मागायला आलेले आईबाप खरे आईबाप आहेत का, हाही प्रश्न असतोच. रेशनकार्डाची झेरॉक्स कुणीही आणतं. खरी पारख सोपी असते: दोघांना वेगवेगळं बसवून मुलीबद्दल विचारायचं. अंगावरची खूण, दूध कधी तुटलं, शाळेतल्या बाईंचं नाव, ती घरातून गेली त्या दिवशी काय झालं. आणि तिला त्यांच्यासमोर आणण्याआधी त्यांचा फोटो दाखवून तिच्या चेहऱ्याकडे बघायचं.

मुलीला कुठे ठेवलं?

दंडाधिकाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण सोडून देण्याकडे कल का होता, हे समजायचं तर सहा वर्षं मागे जावं लागतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठे छापे घातले. चारशेहून जास्त मुली-बायका ताब्यात घेतल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या. एवढ्या जणींना ठेवायचं कुठे, याचा विचार छाप्याआधी झाला नव्हता. सरकारी गृहं भरून वाहिली. नागरिकत्वाची कागदपत्रं नाहीत म्हणून नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला चालढकल करत होतं आणि एचआयव्हीच्या भीतीचं सावट सगळ्या चर्चेवर होतं. महिने गेले. अखेर जुलै १९९६ मध्ये काठमांडूच्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन १२८ जणींना परत नेलं.

परत गेलेल्या मुलींमधूनच ‘शक्ती समूह’ उभा राहिला. व्यापारातून सुटलेल्या बायकांनीच चालवलेली ही संस्था. तिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिच्या संस्थापकांपैकी चारीमाया तामाङ यांनी नेपाळमध्ये आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः तक्रार दिली आणि आरोपींना शिक्षा झाली. मुंबईच्या कोर्टांना ज्या साक्षीदार मिळत नव्हत्या, त्याच मुली सुरक्षित जागा आणि सोबत मिळाल्यावर बोलल्या, हा मुद्दा मी पोलिसांच्या वर्गात आवर्जून मांडते. त्यांना करुणेपेक्षा दोषसिद्धीचं गणित लवकर पटतं, आणि त्यात वाईट काही नाही.

गृहातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हा या साखळीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. अधिकाऱ्यांसाठी हॉटेलात कार्यशाळा होतात. रात्रपाळीच्या काळजीवाहक बाईला कुणी बोलावत नाही. मुलगी मात्र रात्रीच जागी असते. व्यसनाची तलफ, दचकून उठणं, जेवण उशाखाली लपवणं, दुसऱ्या मुलींना ‘धंद्या’च्या भाषेत शिव्या देणं, गेटपाशी येणाऱ्या फळवाल्यामार्फत निरोप पाठवणं, हे सगळं त्या बाईसमोर घडतं. तिला एवढंच शिकवलेलं असतं की मुलगी पळता कामा नये. पहिल्या आठवड्यात मुलगी पळायचा प्रयत्न करणार हे धरून चालावं. तो प्रयत्न म्हणजे कृतघ्नपणा नाही, आणि ‘हिला तिथलंच आवडतं’ याचा पुरावा तर नाहीच. तिला बाहेर कुणाला तरी पैसे पोचवायचे असतात, नाहीतर तिचं मूल घरवालीकडे अडकलेलं असतं. हे दुसरं कारण विचारायचं राहून जातं. मूल ओलीस आहे हे कळेपर्यंत मुलगी ‘असहकार्य करते’ असा शेरा फाइलवर पडलेला असतो.

डॉक्टरांच्या टेबलावर

डॉक्टरांशी बोलताना मी कुंटणखान्यापासून सुरुवात करत नाही, कारण त्यांच्याकडे मुलगी पोलिसांबरोबर येण्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. गर्भपातासाठी, पोटाच्या दुखण्यासाठी, सिगारेटच्या चटक्यावर मलम मागायला. बरोबर एक ‘मावशी’, जी सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. पत्ता सांगताना अडखळणारी, कुठल्या शहरात आहोत हे नक्की माहीत नसलेली मुलगी. वयाच्या मानाने जुनाट संसर्ग. यातली एकेक गोष्ट काही सिद्ध करत नाही. तीन एकत्र आल्या तर मावशीला केसपेपर काढायला बाहेर पाठवावं आणि मुलीशी दोन मिनिटं एकटीने बोलावं. १८ खालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल तर कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. कळवायचं म्हणजे मुलीसमोर शंभर नंबर फिरवायचा असं नव्हे. पोलीस येईपर्यंत मावशी तिला घेऊन निघून जाणार नाही याची सोय आधी करायची. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, बहुधा पुरुषांच्या रांगेकडे.

पोक्सोखाली मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आईवडील किंवा मुलीच्या विश्वासाचं माणूस जवळ हवं, आणि तसं कुणी नसेल तर रुग्णालय प्रमुखांनी नेमलेली बाई. दोन बोटांच्या चाचणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ताशेरे ओढले आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचं बजावलं. तरी ‘सवयीची’, म्हणजे शरीरसंबंधांची सवय असलेली, हा शब्द जुन्या छापील फॉर्मांवरून अहवालात उतरतो. फॉर्म बदला, म्हणजे डॉक्टर आपोआप सुधारतील, हे माझं अगदी व्यावहारिक मत.

उलट बाजूची चूक

ओळखायला शिकवताना चुकीचं ओळखण्याची किंमतही सांगावी लागते. त्यासाठी महाराष्ट्रातलंच दुसरं प्रकरण पुरेसं आहे. मे २०२३ च्या अखेरीस भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून ५९ मुलांना उतरवलं गेलं. बिहारमधून सांगलीकडच्या मदरशात शिकायला निघालेली ही मुलं. बालमजुरीसाठी नेत असल्याचा संशय. सोबतच्या पाच जणांना मानवी व्यापाराच्या कलमाखाली अटक झाली. त्यांनी चारेक आठवडे तुरुंगात काढले, मुलं बारा दिवस गृहात राहिली. मार्च २०२४ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचं सांगत तो बंद केला.

इथे काय चुकलं याची चर्चा वर्गात घसरायला वेळ लागत नाही, म्हणून मी प्रश्न अरुंद ठेवते: त्या फलाटावर कोणते तीन फोन करता आले असते? आईवडिलांना, ज्या संस्थेत मुलं चालली होती तिला, आणि त्यांच्या गावच्या सरपंचाला किंवा पोलीस ठाण्याला. मुलांबरोबर मोठी माणसं, हातात पुरेसे कागद नाहीत, मुलं गरीब आणि परप्रांतातली, ही वर्णनं लाखो प्रवाशांना लागू पडतात. शोषणाची खूण त्याच्या पुढची हवी: काम कोणतं, पैसे कुणाला, परत जाता येतं का, घरच्यांशी बोलू देतात का. सांताक्रूझमध्ये मुलींचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करून टाकलं गेलं. फलाटावर पालकांना विचारून घ्यायच्या आधीच गुन्हा उभा राहिला. दोन्हीकडे चौकशीला वेळच दिला गेला नाही.

सज्ञान बायकांचा प्रश्न तर आणखी वेगळा. सांताक्रूझच्या २४ जणींत त्याही होत्या. मुलीची संमती मानव-व्यापाराच्या संदर्भात कायद्याला मोजायचीच नसते. सज्ञान बाईच्या ताब्याचा निर्णय करताना मात्र तिची मर्जी मोजावी लागते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना सांगितलं की सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्री करणाऱ्या बायकांच्या सन्मानाबाबत पोलिसांना निर्देश दिले. त्यामुळे छाप्यानंतरची पहिली चाळणी, कोण १८ च्या आत आणि कोण बाहेर, ही आता २००२ पेक्षाही निर्णायक झाली आहे. ती चाळणी चुकली तर एकीकडे पोर दलालाकडे जाते आणि दुसरीकडे सज्ञान बाई महिनोन् महिने कोंडली जाते.

वर्गातून ठाण्यात

सत्राच्या शेवटी गट पाडून सांताक्रूझची फाइल नव्याने चालवायला देते: छापा आज झाला असं समजा. पोलिसांच्या गटाने पहिल्या २४ तासांचा तक्ता करायचा, कारण तेवढ्या वेळात मूल समितीपुढे जायला हवं. परिविक्षा अधिकाऱ्यांनी गृहचौकशीचे प्रश्न लिहायचे. डॉक्टरांनी तपासणीची संमती मुलीच्या भाषेत कशी मागायची ते बोलून दाखवायचं, दुभाषा कोण हेही सांगायचं. अड्ड्यातलीच जरा मोठी मुलगी दुभाषी म्हणून घेतली की गट बाद. सरकारी वकिलांनी भारतीय न्याय संहितेची मानवी व्यापार आणि मुलांच्या खरेदी-विक्रीबद्दलची १४३, १४४, ९८, ९९ ही कलमं आणि पोक्सो लावून आरोपपत्राचा कच्चा मसुदा करायचा, निव्वळ पिटावर थांबायचं नाही. मुलगी उलटली तर खटला कशावर उभा राहील, हे त्यांना मुद्दाम विचारते: घरवालीची वही, फोनवरचे व्यवहार, खोलीचा भाडेकरार, लॉजचं रजिस्टर.

तक्ते चांगले होतात. अडचण आहे ती माणसांची. २००६ पासून गृह मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या प्रकल्पात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते, पोलिसांची प्रशिक्षणं झाली, मानवी व्यापारविरोधी कक्ष उभे राहिले. कक्षातल्या निरीक्षकाला मुलीशी बोलायची रीत अंगवळणी पडते न पडते तोच त्याची बदली वाहतूक शाखेत होते. कक्षात आलेल्या नव्या साहेबांना बंदोबस्ताला जायचं असतं, म्हणून ते कार्यशाळेला दुय्यमाला पाठवतात. परिविक्षा अधिकाऱ्याकडे स्वतःच्या जिल्ह्याबरोबर शेजारच्या जिल्ह्याचाही कार्यभार असतो आणि गृहचौकशी फोनवर उरकते. म्हणून हल्ली मी नोंदणी करताना एक अट घालते: एका ठाण्याचे किमान दोन जण, त्यातली एक महिला शिपाई. अधिकारी बदलून जातात, शिपाई त्यामानाने टिकते, आणि मुलींच्या गाडीत मागे तीच बसलेली असते.